एक आंधळा, एक लंगडा आणि एक मुका

संपादकांचा निरोप आला की अंकासाठी काहीतरी प्रेरणादायी लिहा. मी विचारलं, म्हणजे काय लिहू? तर म्हणाले, "पाय नसताना तुम्ही रंगमंचावर कसे उभे राहिलात, असं काहीतरी." आता पाय मला दोन आहेत. डावा लहानपणी पोलिओत वाळला, एवढंच. आणि रंगमंचावर मी कधी उभा राहिलोच नाही, खुर्चीवर बसत होतो. तेव्हा प्रेरणा ज्याची त्याने शोधावी. मी आपलं धंद्याचं सांगतो.

धंदा नकलांचा. बहात्तरचा दुष्काळ सरला, त्यानंतरची काही वर्षं मी आणि नरसय्या सोलापुरात गणपतीत, जत्रेत, गिरण्यांच्या चाळींत विनोदी कार्यक्रम करायचो. नरसय्या आंधळा. लहानपणी त्याला देवी आल्या आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. तेलुगू विणकराचा मुलगा, पण मागावर बसता येईना म्हणून वेताच्या खुर्च्या विणायचा. मी मूळचा मंद्रूपचा. शेतात माझा उपयोग नाही हे घरच्यांनी ओळखलं आणि घड्याळं दुरुस्त करायला शहरात पाठवलं. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की मी दुकानाची फळी लावायचो, तो वेताची भेंडोळी गुंडाळायचा, आणि आम्ही लोकांना हसवायला निघायचो.

आमच्या फळ्यावर लिहिलेलं असे, 'आंधळा-लंगडा नकला पार्टी'. आता नातू सांगतो, "आजोबा, असं म्हणू नये, दिव्यांग म्हणावं." म्हणा बापडे. पण दिव्यांग नकला पार्टी असा फळा लावला असता, तर लोक हसायला न येता आरतीचं ताट घेऊन आले असते.

या नावामुळे एक पीडा मागे लागली. आंधळ्याच्या खांद्यावर लंगडा बसतो ती गोष्ट सगळ्यांनी शाळेत ऐकलेली. त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी ओरडायचंच, "ओ, खांद्यावर कवा बसणार?" मैंदर्गीच्या एका मास्तरांनी तर कार्यक्रम संपल्यावर तक्रार केली की खांद्याचा प्रसंग नसल्यामुळे मुलांना बोध मिळाला नाही. नरसय्या त्यांना म्हणाला, "मास्तर, ह्याला खांद्यावर घेतला तर बोध तुमाला मिळंल, आन् कंबरदुखी मला."

मैंदर्गीवरून आठवलं. तिकडे निम्मं गाव कानडी. मी बैलगाडीतून उतरलो तशी पोरं ओरडत सुटली, "कुंट बंद! कुंट बंद!" नरसय्याने माझा दंड धरला. "वसंता, कारेक्रम बंद झाला काय बे?" मीही घाबरलो. मग कुणीतरी सांगितलं की कानडीत त्याचा अर्थ 'लंगडा आला'. तेव्हापासून घरातून निघताना नरसय्या मला हाक मारायचा, "चल, बंद पड."

स्टेज म्हणजे रिकामी पिंपं आणि त्यावर फळ्या. पायऱ्या नसायच्याच. चारजण मला खुर्चीसकट उचलायचे, आणि उचलताना हमखास कुणीतरी 'मोरया' म्हणायचं. मी दोन्ही हातांनी आशीर्वाद देत वर जायचो. उतरवताना म्हणायचो, "हळू रे बाबांनो, विसर्जन न्हाय, नुसतं हलवायचं हाय." हा आमचा पहिला विनोद, आणि तो आम्हाला मंडळांच्या गैरसोयीने फुकट दिला.

पण खरी अडचण पुढे असायची. लोक हसायला आलेले असायचे आणि हसत नसायचे. लंगड्याला हसलं तर पाप लागतं, आंधळ्याला हसलं तर पुढच्या जन्मी डोळे जातात, हे प्रत्येकाला आईने सांगितलेलं. त्यामुळे आम्ही दिसलो रे दिसलो की समोरून एक आवाज यायचा, "च् च् च्." पुढच्या रांगेतल्या बायांपासून सुरू व्हायचा आणि मागे पानपट्टीपर्यंत जायचा. बाहेरच्याला कळायचं नाही, पण आमच्या धंद्यात सगळं कसब या एका आवाजाशी होतं. चुकचुकणारं तोंड हसत नाही. आधी ते बंद पाडावं लागतं, मग हशा.

त्यासाठी नरसय्याची एक युक्ती होती. तो काठी टेकत यायचा आणि प्रेक्षकांकडे पाठ करून पडद्याला वाकून नमस्कार करायचा. मागून "च् च् च्, अरेरे" सुरू. मग तो पडद्याकडेच तोंड ठेवून म्हणायचा, "मला म्हाईत हाय तुमी मागं हाव. पन तुमची तोंडं मला बघवत न्हाईत." एवढं झालं की पहिला हशा फुटायचा. त्यात पापाची भीती असायची, म्हणून तो दबका असायचा. पण एकदा माणूस पाप करून बसला की दुसऱ्यांदा मोकळेपणी करतो.

नरसय्या हशावरून माणूस ओळखायचा. हा तंबाखूवाला, ही सुवासिनी, हा कर्जवाला, असं सांगायचा आणि नव्वद टक्के खरं निघायचं. (नव्वद टक्के हे त्याचं म्हणणं.) दुपारी तो चाळीच्या अंगणात खुर्ची विणत बसायचा. तिथेच बाया सुपात तंबाखू घेऊन विड्या वळायच्या. नवा विनोद तो आधी त्यांच्यावर घासून बघायचा. एके दिवशी माझ्या दुकानात येऊन म्हणाला, "वसंता, एक हसू लई उशिरा येतंय बे."

"कुणाचं?"

"उजवीकडनं. समद्यांचं हसून झालं की मग येतंय. एकटंच."

"डोकं मंद असंल तिचं."

"न्हाय. मंद मानूस दुसऱ्याचं ऐकून मधेच हसतंय. हे सगळं नीट समजून हसतंय."

ते हसू त्याच अंगणात विड्या वळणाऱ्या अनसूयाचं होतं. नरसय्या त्या उशिरा येणाऱ्या हसण्याची वाट बघायला लागला. विनोद सांगून झाला की पुढचं बोलायचाच नाही, ते एक हसू येईपर्यंत थांबायचा. बाकीच्या बायांच्या ते कधीच लक्षात आलं. महिन्याभरात अनसूयाच त्याला म्हणाली, "माझी तयारी हाय. नायनाला विचारा." नायना म्हणजे वडील.

नरसय्याला आई-बाप नव्हते. वडीलधारा म्हणून मी गेलो, कुबडी घेऊन, धुतलेला शर्ट घालून. अनसूयाचे वडील मल्लय्या साचेखात्यात होते, म्हणजे गिरणीत जिथे कापड विणायचे साचे खडखडतात तिथे. रात्रपाळी करून दाराच्या पायरीवर बसलेले होते. मोठ्या मिशा, त्याहून मोठा आवाज. साचेखात्यातले सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. त्यांच्या मराठीत बाई आणि पुरुष असा भेद नव्हता. त्या बाबतीत ते सगळ्यांना सारखंच वागवत.

"पोरगा आंधळा हाय, त्याचं काय न्हाय," ते म्हणाले. "ते देवाचा काम हाय. खुर्च्या चांगला विनतो. पन तुमचा कारेक्रम मी बघितला की. समोर बसलेल्या बायका त्याचा मुका घेतात!"

"मुका?" मी विचारलं.

"लांबूनच घेतात. म्हातारी बी घेतात! असल्या मानसाला आमचा पोरगी कसा देऊ?"

"मामा, असं कुणी सांगितलं तुमाला?"

"सांगोला? सांगोल्याचा काय संबंध?"

मी कुबडी उचलली आणि निघालो. नरसय्या गल्लीच्या तोंडाशी उभा होता. मी त्याला सांगितलं तसं त्याचं तोंड आधी पडलं, मग संशयी झालं. "वसंता, खरं सांग. मला दिसत न्हाय म्हणून तू स्टेजवर काय करतोस बे?"

मी आईची शपथ घेतली. मग त्याच्या चेहऱ्यावर एक विलक्षण समाधान पसरलं. "म्हंजी आंधळा म्हणून न्हाय म्हणाला न्हाय तो. बदफैली म्हणून न्हाय म्हणाला!" जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्यावर असा मानाचा आरोप केला होता.

दुसऱ्या दिवशी अनसूया बंद पडलंय म्हणून घड्याळ घेऊन दुकानात आली. घड्याळ व्यवस्थित चालू होतं. "नायनाला ऐकू येत न्हाय," ती खाली बघत म्हणाली. "साच्याच्या आवाजानं कान गेले. ओठ बघून वळखतो. त्यांच्या खात्यात सगळ्यांचंच तसं हाय, पन कुणी कुणाला सांगत न्हाय. तितं समदे हातानं बोलतेत." आणि नरसय्या अंगणात विनोद सांगायचा तेव्हा ती तो आधी हाताने पायरीवरच्या बापाला सांगायची. तो हसला की मग स्वतः हसायची. उशिरा येणाऱ्या हसण्याचं कारण हे होतं.

ती गेल्यावर मी विचार करत बसलो. ओठ बघून ओळखतात. समोर भिंतीवरचं एक घड्याळ दुरुस्तीला आलं होतं, त्याच्या काचेत माझं तोंड दिसत होतं. मी सहज, पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या करतात तसं, तोंड पुढे करून म्हणालो, "च् च् च्." काचेतला माणूस माझा मुका घेत होता. पुन्हा केलं. पुन्हा मुका. तेवढ्यात घड्याळाचा मालक दुकानात शिरला आणि त्याने घड्याळ तसंच नादुरुस्त परत नेलं.

आता तुम्ही म्हणाल, झालं की, जाऊन खरं सांगायचं. पण खरं सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगायच्या. एक, मामा, तुम्ही बहिरे आहात. दोन, मामा, लोक तुमच्या होणाऱ्या जावयावर भाळलेले नाहीत, त्याची कीव करतात. पहिली गोष्ट सांगायची अनसूयाची हिंमत नव्हती. दुसरी नरसय्याने सांगू दिली नाही. "कीव येतेय म्हणून पोरगी दिली तर मी न्हाय घेनार," तो म्हणाला. "त्यापेक्षा बदफैलीच ऱ्हाऊ दे." त्याचा आवाज कापत होता. इतक्या वर्षांत मी तो आवाज तसा ऐकला नव्हता.

तोड अनसूयाने काढली. "गणपतीत आमच्याच चाळीत तुमचा कारेक्रम हाय. नायना येणार. त्या दिवशी एक बी च् च् होऊ देऊ नका."

एक बी च् च् होऊ देऊ नका! सोलापुरात! पण सांगणारी अनसूया होती आणि ऐकणारा नरसय्या होता. माझं मत कुणी विचारलं नाही.

मग तिने मला साचेखात्याची हातभाषा शिकवली. मिशी पिळली की जॉबर आला, म्हणजे मुकादम. दोन चिमटी जवळ आणून झटकन लांब केल्या की दोरा तुटला. चिमटीत चिमटी घालून पीळ दिला की दोरा जोड, साचा चालू कर. ठरलं असं की नरसय्या तोंडाने सांगेल, मी तेच हाताने दाखवीन, आणि मी जे काही नुसतं तोंड वेडंवाकडं करून करतो ते नरसय्याला विचारायला लावून शब्दांत आणायचं, कारण चाळीत आंधळेही दोघं-तिघं होते. आज असल्या कार्यक्रमाला मोठं नाव आहे म्हणे, परिषदा भरतात. आम्ही ते एका लग्नासाठी केलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पुढच्या रांगांत सगळं साचेखातं बसलेलं, मधोमध मल्लय्या, हात बांधून. नरसय्या आला, पडद्याला वाकला. बायांची तोंडं पुढे यायला लागलेली मला दिसली. तेवढ्यात मी त्याच्या पाठीमागे मिशी पिळून, चिमट्या झटकून दाखवलं की जॉबरला बघून ह्याचा दोरा तुटला. पुढच्या दोन रांगा एकदम हसल्या. नरसय्याने अजून तोंडही उघडलं नव्हतं. बाया चुकचुकायच्या विसरून बघायला लागल्या की हे आधीच का हसतात. पुढे सगळा कार्यक्रम तसाच झाला. हशा दोन हप्त्यांत यायचा, आधी बहिऱ्यांचा आणि मग कानवाल्यांचा. मागच्या रांगेतल्या एकाने तर तक्रार केली, "त्यांना आधी सांगताय, आमाला मागनं!" आयुष्यात पहिल्यांदा कान असलेला माणूस मागे पडला होता. मल्लय्या हसत नव्हते, पण त्यांचे बांधलेले हात सुटले होते.

शेवटाला थोडंसं राहिलेलं असताना प्रमुख पाहुणे आले. प्रमुख पाहुणे उशिराच येतात. मोठे वकील, टोपी, उपरणं. मंडळाने कार्यक्रम थांबवून त्यांना माइकसमोर उभं केलं. त्यांनी हार घालण्यासाठी नरसय्याकडे वळून बघितलं, मग माझ्या पायाकडे बघितलं, आणि माइकमध्ये तोंड घालून म्हणाले, "च् च् च् च्!"

मल्लय्या ताडकन उठले. बहिऱ्या माणसाचा गिरणीतला आवाज, त्याला माइक लागत नाही.

"ओ साहेब! बायका घेतात ते चालतंय, तुमी बी त्याचा मुका घेताय व्हय?"

तसा हशा मी पुढे कधी ऐकला नाही. माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. वकीलसाहेबांच्या हातातला हार त्यांच्याच हातात राहिला. आणि मल्लय्या उभे राहून चारी बाजूंना बघत होते. बहिऱ्या माणसाला बाकीचे हशे कळोत न कळोत, स्वतःवरचा लगेच कळतो.

बायांच्या बाजूने अनसूया उठली. सगळ्यांच्या डोक्यांवरून तिने बापाला हाताने सांगितलं. आता मलाही वाचता येत होतं. मुका नाही. कीव. मग एक हात कानावर ठेवून तिने मान हलवली, आणि तोच हात छातीवर ठेवला, म्हणजे हे मला कधीपासून ठाऊक आहे. हशा थांबला. कुणीतरी कुजबुजलं, "अगं बाई, बहिरे आहेत बिचारे." आणि हळूहळू पुढून मागे, पानपट्टीपर्यंत, तो आवाज गेला. च् च् च्.

नरसय्याने माझा दंड धरला. "हे कुणासाठी बे? हे आपल्यासाठी न्हाय."

"मामासाठी," मी म्हणालो.

त्याने मला बाजूला सारून माइक चाचपला. "ए, गप बसा समदे! ओ मामा, आता मुकं तुमाला बी मिळायला लागलं काय? आमचा धंदा बुडवताय व्हय? तसं असंल तर या वर. आंधळा हाय, लंगडा हाय, बहिऱ्याची जागा रिकामी हाय!"

मी हाताने सांगत होतो, खालून अनसूया सांगत होती. मल्लय्या आळीपाळीने दोघांकडे बघत राहिले. आणि मग त्यांच्या मिशा हलल्या. आधी मला वाटलं ते रडतात. ते हसत होते. चाळीने त्या माणसाला तसं हसताना पाहिलेलं नव्हतं. साचेखातं त्यांच्याबरोबर हसलं, मग चाळ. हसू ओसरलं तेव्हा मल्लय्यांनी दोन्ही हात वर केले, स्टेजकडे.

"काय झालं? समदे गप का?" नरसय्याने विचारलं.

"मामा हातानं सांगतोय."

"काय सांगतोय?"

"चिमटीत चिमटी घालून पीळ देतोय. दोरा जोडतोय नरसय्या."

नरसय्या स्टेजवर कधी गप्प झाला नव्हता, तो झाला. मग उजवीकडून, सगळ्यांच्या नंतर, एकटंच हसू आलं.

पुढे मल्लय्या आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसायचे आणि कुणी चुकचुकलं की उठून ओरडायचे, "मुका घेऊ नका!" लोकांना वाटायचं, हा पार्टीचाच माणूस. फळ्यावर मी 'आंधळा-लंगडा-मुका' असं लिहून घेतलं, आणि तिसरा माणूस बोलतो कसा म्हणून तक्रारीही आल्या. आता गिरण्यांचे भोंगे बंद झाले. मल्लय्या गेले, नरसय्याही गेला, आणि मला त्या दोघांशिवाय विनोद सुचत नाही. सुचला तरी सांगायला कुणी लागतं.

पण लग्नाचं सांगायचं राहिलं. मांडव चाळीतच होता. नरसय्या मंगळसूत्र घेऊन अनसूयाचा गळा चाचपत होता, आणि सगळ्या मांडवातल्या मावश्या, आत्या, शेजारणी तोंडं पुढे करून बघत होत्या. च् च् च्. आंधळा नवरा, बिचारी पोरगी. मला तो आवाज त्या दिवशी सहन होईना. मी मल्लय्यांकडे बघितलं. त्यांनी मांडवभर नजर फिरवली, एकेक तोंड नीट वाचलं. त्यांना आता सगळं ठाऊक होतं. मग माझ्या खांद्यावर हात टाकून, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात, ते म्हणाले, "बघ बे वसंता. किती मुका घेतात माझा जावईचा!"